देवळातली पेटी

पनवेल, वैशाख शुद्ध दशमी, १९५६

मोसमाचा शेवटचा, विनातिकीट कार्यक्रम पार पडला. माणसे पार रस्त्यापर्यंत बसली होती. पण मनात घोळते आहे ती पेटीच.

आमचा सगळा वाद्यवृंद मारुतीच्या देवळातल्या त्या जुन्या पेटीवर सूर जुळवतो. खाऱ्या हवेने तिचा सूर उतरला आहे. मीच ती वाजवतो, मला ठाऊक. संध्याकाळी मुंबईचे व्हायोलिनवाले पाहुणे एक पट्टी दाबून म्हणाले, "पेटी बरीच खाली आहे हो."

मी शरमलो. दुसरी मागवतो, असे म्हणणारच होतो. इतकी वर्षे हिच्यावर भजन केले, आणि हिचीच लाज? तेवढ्यात मिठागरावरचा आमचा तबलजी काशिनाथ बोलला, "खाली नाय, सायेब. आमच्या देवाला हाच सूर सवयीचा हाय. तुमीच उतरा की जरा!"

पाहुणे मोठ्याने हसले आणि खरोखरच व्हायोलिनच्या तारा उतरवू लागले.

मग काय वाजले! टाळ्या थांबेनात. तेव्हा पाहुण्यांनी लोकांच्या आधी पेटीला नमस्कार केला.

पहाटे पेटी देवळात परत न्यायची. आधी मारुतीपुढे कान धरीन, मग तीच पट्टी दाबीन.