जुन्या नकाशातला उतार

बाबा, रातभर डोळ्याले डोळा नाई लागला. माह्या नवऱ्यानं बाहेरून कुलूप लावलं, माहा फोन खिशात टाकला अन् रातपाळीले गेला. पोरगी मांडीवर झोपली हाये. मले भेव लागून राह्यलं, पन कुलुपाचं नाई. जे माहीत हाये ते मी बोलली नाई, त्याचं.

तू जावई पाह्यला नाई. तू गेला तवा मी लहान पोट्टी होती. आमी घुग्घुसले राह्यतो, तो खदानीत कामाले हाये. सुट्टीले त्याचे दोन दोस्त येते अन् तिघंई मोबाइलवर लढाईचा खेळ खेळते. चांद्याचा किल्ला, गोंड राजाची फौज, बाहेरून चालून आलेली फौज. खाली सारा आपला मुलूख काढला हाये, डोंगर, नद्या, सारं. खेळन्यापेक्षा भांडनच जास्त. एक म्हनते, राजाच्या वक्ती इथी जंगल होतं, यानं मैदान काऊन दाखवलं. दुसरा म्हनते, ही नदी इथी वळतच नाई. तुहा जावई म्हनते, नकाशा पक्का हाये, जुने कागद पाहून केला हाये.

एक दिवस चहा देता देता मी वाकून पाह्यलं, त आपल्या गावची नदी. अन् आपल्या डोहावर उताराची निशानी, फौज पायी पार करायची. माह्या तोंडून निंघून गेलं, "इथी उतार नाई जी, डोह हाये. उतार वरच्या अंगाले हाये, आंब्यापाशी."

दोस्त हासला. "घे, तुहा नकाशा वहिनीनं फाडला."

दोस्त गेल्यावर तुहा जावई बोलला, हातानं. "चवथी नापास, मले नकाशा शिकवते." कानाखाली असा बसला का दोन दिवस पोरगीचं रडनं दुरून आल्यावानी वाटे.

बाबा, तुह्या हातचीई एक खाल्ली होती मी, त्याच डोहावर. टेंभरं वेचून येत होतो, पानी शांत दिसलं, मी पाय टाकला. तू दंड धरून ओढलं, एक ठेवून देल्ली, मंग पळसाचं पान तोडून पान्यावर सोडलं. पान थोडं गेलं, गरगर फिरलं अन् खाली गेलं. तू म्हनला, "पान सरळ गेलं त जाय. फिरलं त नको जाऊ." अन् सांगतलं का पहिले इथीच उतार होता, जुन्या लोकायच्या बैलबंड्या इथूनच जात. मंग एका पुरात नदीनं काठ खाल्ला अन् उतार वर सरकला. मंजे नकाशावाला खोटा नाई, बाबा. राजाच्या वक्तीचं त्यानं बरोबर काढलं. नदीच तशी राह्यली नाई.

हे त्याले सांगाले मी तोंड उघडलं होतं. पन तो कंबरेचा पट्टा सोडून राह्यला होता.

आता तिघायनं ठरवलं हाये. आज पाळी सुटली का तिकडूनच गाड्या काढायच्या, नकाशातल्या त्या उतारानं पायी नदी पार करायची अन् फोटो खेळवाल्यायले धाडायचा, नकाशा खरा हाये म्हनून. सगळ्यायच्या पुढं तुहा जावईच राह्यन. नदीले सद्या पानी लय हाये. काल डबा घेताना त्यानं इचारलं, "काऊन, आता नाई सांगत डोह हाये म्हनून?"

मी म्हनलं, "तुमचा नकाशा खरा असन."

गोड लागलं बाबा ते बोलनं. रातभर तेच चघळलं मी. पान फिरते तसा त्याले फिरवला, बुडवला, काढला, परत बुडवला. पन त्याच्या मांग ते दोघं येते. त्याहीनं माहं काई नाई केलं. एकाची बायको पोटुशी हाये.

आता उजाडलं. खिडकी उघडी हाये, हाक मारली त शेजारची बाई येते. पन त्याले वाचवाची हाक माह्या गळ्यातून निंघत नाई. तुले म्हनून सांगते. म्हनून हा कागदच तिच्या ओट्यावर टाकते.

जो कोनी वाचन त्यानं माह्या भावाले फोन लावजा. तो माहेरी, त्या नदीच्या गावातच हाये, नंबर मांगच्या बाजूले लिवला. म्हनजा, डोहावर पळ, माह्या नवऱ्याले काठावर थांबव, दोस्तायसमोर पळसाचं पान सोडून दाखव. अन् म्हन, चवथी नापासनं धाडलं. मंग मले अन् पोरगीले न्याले ये. कुलूप तोडाले सब्बल घेऊन ये.