शेळीला ताप कसा आला

शुक्रवार पेठ, सोलापूर
रविवार, १४ डिसेंबर २०२५, सकाळी सव्वाअकरा (दीक्षाच्या पुस्तकाला खाकी कव्हर घालत होतो, ते अर्धे ठेवून लिहायला बसलो)

आदरणीय शुभदाताईस,

धाकट्या भावाचा, नवनाथचा सप्रेम जय भीम. इथे आई, मी आणि तुझी दीक्षा ठणठणीत आहोत. करमाळ्याच्या दवाखान्यात पाळ्या करून तुझी पाठ धरते असे आई म्हणाली. आता कशी आहे? फोनवर बोलायला तोंड राहिले नाही, म्हणून पत्र.

जाताना तू बजावले होतेस की दीक्षाला रोज पुस्तक वाचून दाखव, जमत नसेल तर सांग, मी तिला इकडे घेऊन येते. मी दर वेळी छान चाललंय म्हणालो. वाचन रोज झाले, हे खरे. कसे झाले, ते परवा शुक्रवारी अंगणवाडीत सगळ्यांना कळले.

तिथे मुलांनी आवडती गोष्ट सांगायची होती. मी रीतसर अर्धी सुट्टी काढून गेलो. पाहुण्या म्हणून आमच्या टॉवेल कारखान्याच्या शेठच्या सूनबाई, दाक्षायणीवहिनी. दीक्षाने बाजाराला निघालेल्या शेळीचे पुस्तक उघडले, पानावर बोट ठेवले आणि माझ्यासारखाच घसा खाकरला. मला अभिमान वाटला. तो दुसऱ्या पानापर्यंत टिकला. तिथे ती म्हणाली, "शेळी आश्... आश्च... थांब गं... आश्चर्यचकित झाली." ताई, तिला अजून एक अक्षर ओळखता येत नाही. मी रोज जिथे अडखळतो तिथेच ती अडखळली, कारण तिच्या मते गोष्ट तशीच आहे. (माझी शाळा आठवीत सुटली. लिहिताना मी चुकत नाही, कारण लिहिताना कोणी तोंडाकडे बघत बसत नाही.) बायका पदराआड हसल्या. तेवढ्यावर भागले असते. पण तिसऱ्या पानावर शेळी ओढ्याशी आली, तेव्हा दीक्षाने फोन धरल्यासारखा हात कानाला लावला आणि बारीक आवाजात म्हणाली, "व्हय शेठ. लई ताप हाय. उठवंना. उद्या येतो की."

नेमके वाचायच्या वेळेला शेठ फोन करून जादा कामाला बोलावतात. मी पुस्तक मांडीवर ठेवूनच हे सांगतो. (कधीतरीच. नोव्हेंबरात नऊ वेळा.)

दाक्षायणीवहिनी हसल्या नाहीत. मी चपला न घालताच बाहेर आलो. काल शेठनी सगळ्यांदेखत विचारले, "काय नवनाथ, शेळीचा ताप उतरला का?" मी उतरला म्हणालो. मग संध्याकाळी जादा कामाला थांबणार का, असे विचारले. मी जमिनीकडे बघत म्हणालो, नाही, गोष्ट वाचायची आहे. नोकरी अजून आहे, पण कारखान्यात आता मला नावाने कोणी हाक मारत नाही.

दीक्षाला न्यायचा तुला हक्क आहे. तिचे कपडे धुऊन ठेवले आहेत.

तुझा,
नवनाथ

ता. क. कपडे अजून वाळलेले नाहीत. (सोलापुरात तासाभरात वाळतात हे मला माहीत आहे.)

ता. क. २. पानांचे फोटो पाठवतो. पुढच्या रविवारी दीक्षासाठी म्हणून फोनवर ते पुस्तक चौथ्या पानापासून सावकाश वाच. मी शेजारी बसेन. खरे कोणासाठी ते तिला सांगू नकोस. पहिली तीन पाने मी सतरा वेळा सराव करून बसवली आहेत.

ता. क. ३. काल संध्याकाळी ती तीन पाने फोन बंद ठेवून, न अडखळता वाचली. दीक्षा रुसली. म्हणाली, "मामा, शेळीला ताप आलाच न्हाय की. परत वाच." परत वाचली. तापासकट.