साच्यातला बुडबुडा

प्रिय गुंड्या,

'प्रिय' लिहायची आज अजिबात इच्छा नाही, पण आईने पत्र असंच सुरू करायला शिकवलंय. खरं तर तुला समोर उभं करून कान पिळायचा होता. पण मी तोंड उघडलं की तुला नेमकं गोदामातलं काम आठवतं आणि मी भिंतीशी बोलत राहते. म्हणून कागद. कागदाला पाठ दाखवून तुला पळता येणार नाही.

नर्सिंग कॉलेजच्या बाईंनी आपण बनवून दिलेली पुरुष जननसंस्थेची सगळी प्लास्टरची मॉडेल्स परत पाठवली. उजव्या वृषणावर टणक गाठ आहे, मुलींना निरोगी शरीर शिकवायचंय, असं त्या म्हणाल्या. तू फोनवर शांतपणे सांगितलंस की साच्यात बुडबुडा राहिला असेल. वर साचेवाल्या काकांना सगळ्यांदेखत झापलंस. बाबांच्या वेळेपासून प्लास्टर ओतणारा माणूस, मान खाली घालून ऐकत राहिला. मला तेव्हाच तुझा राग आला होता. आता तर डोकं फिरलंय.

कारण चूक आणि तू? वृषणकोश रंगवताना माझा ब्रश जरा घसरला तर आकाशपाताळ एक करणारा तू! डावं वृषण किंचित खालीच हवं, मागच्या बाजूला अधिवृषणाची वेटोळी नळी मऊ दिसली पाहिजे, शुक्रवाहिनी मूत्राशयाला वळसा घालूनच गेली पाहिजे. आत्या नाक मुरडायची, बाईमाणसाने हे काय रंगवायचं म्हणायची. बाबा तिला म्हणायचे, प्लास्टरला लाज नसते, आपल्यालाही नको. आपण दोघं किती हसायचो! सगळ्या गावाला शरीर उघडं करून दाखवणारं घर आपलं, आणि त्या घरातला शहाणा गेले कित्येक महिने पाय फाकवून चालतो आणि बहिणीला सांगतो, नवी पँट काचते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काकांचा पडलेला चेहरा बघवेना, म्हणून काल मी कपाट उघडून ज्यावरून साचा घेतला तो तुझ्या हातचा मूळ मातीचा नमुना बाहेर काढला. साच्यात बुडबुडा असता तर मातीवर काही नसतं. मातीवर गाठ आहे, गुंड्या. वाटाण्याएवढी, उजवीकडे, जिथे काहीच नसायला हवं तिथे. शेवटचा हात डोळे मिटून फिरवायचा, डोळे फसतात पण बोटं फसत नाहीत, हे बाबांनीच आपल्याला शिकवलं. तू तसंच केलंस. तुझ्या बोटांना आता ती गाठ इतकी सवयीची झालीय, की त्यांनी ती न विचारता मातीत घातली. मी ती हातात धरून रडले आणि मग तुला लाखोली वाहिली.

दुखत नाही म्हणून थांबला असशील. मूर्खा, न दुखणाऱ्या गाठीलाच जास्त भ्यायचं असतं, हे त्या बाईंच्या मुलींनाही ठाऊक आहे. लहानपणी तुझं तेच वृषण खाली उतरलं नव्हतं म्हणून ऑपरेशन झालं होतं, अशांना धोका जास्तच असतो. तेव्हा बाबांनी डॉक्टरांना सगळं न लाजता विचारलं होतं. आज बाबा नाहीत, म्हणून मी लिहितेय. वेळेवर डॉक्टरांकडे गेलं तर यातून माणसं बरी होतात. डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ घेतलीय. तुझ्या बायकोला अजून काही बोलले नाही, ते तुझ्या तोंडून तिला कळू दे. परतल्यावर आधी काकांची माफी मागायची. डॉक्टरांसमोर तुझी जीभ अडखळणार, ते मला माहीत आहे. म्हणून तो मातीचा नमुना ओल्या फडक्यात गुंडाळून तुझ्या टेबलावर ठेवलाय. काही बोलू नकोस. त्यांच्यासमोर ठेव आणि बोट दाखव.

उद्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसणारी,
तुझीच रागीट
ताई