निखिलच्या दुर्बिणीतली तिरकी फुली

१२ नोव्हेंबर १९८६, ॲन आर्बर

आज काय करून बसलो मी! हरणांच्या शिकारीचा सीझन शनिवारी सुरू होतोय. आमचा निखिल गेल्यापासून त्याची बंदूक कपाटातच होती, म्हणून ती त्याच्या मित्राला, टॉमला द्यायचं ठरवलं. टॉम म्हणाला, बंदुकीवरच्या दुर्बिणीतली नेम धरायची फुली तिरकी दिसते. खरंच तिरकी होती. वाटलं, पोरानं घाईत बसवली असणार. माझा जन्म मशीनं लेव्हलला बसवण्यात गेलेला. दुर्बीण धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू सैल केले, स्पिरिट लेव्हल लावली, फुली उभी केली आणि खुशीत सुमाला दाखवायला नेली.

ती म्हणाली, "अहो, सायकलवरून पडल्यापासून त्याचा खांदा उतरता नव्हता का? बंदूक तो कलतीच धरायचा. त्याला फुली तशीच सरळ दिसायची."

खांदा. बाप असून कसा विसरलो? रोज तर ओरडायचो, सरळ उभा राहा म्हणून.

आता स्क्रू पुन्हा सैल करून बसलोय. खांदा पाडून बघतो, मान कलती करून बघतो. फुली किती तिरकी होती? कोणाला विचारू?