थोरल्याचा पाट

रवि. २८ जाने. ७३
बोअरची गाडी आली एकदाची. चार दिवस सुप्याला टायरसाठी अडकून होती. आज मिस्सा चालू असतानाच धडधडत वस्तीवर शिरली. पोरं उठून पळाली, पोरांमागं बाया. फादरांचं प्रवचन तिथंच संपलं, आणि खरं सांगायचं तर बरंच झालं.

गाडीवर तीन माणसं. दोन हेल्पर नगरकडचे. मिस्त्री केरळचा, कुरियन नाव, तिशीचा असेल. ख्रिस्ती आहे कळल्यावर आप्पांनी त्याला हाताला धरून जेवायला आणलं. आप्पा इथले कॅटेकिस्ट, वस्तीला धर्म शिकवणारे. ख्रिस्ती माणूस दारावरून उपाशी गेला तर त्यांच्या जिवाला लागतं. पिठलं-भाकरी होती. त्याने मिरचीसुद्धा मागून घेतली.

आप्पा म्हणाले, "म्होरल्या ऐतवारी मिस्सेला फुडं बसा."
"येतो. पण मी रोमचा नाही. आम्ही ऑर्थोडॉक्स. संत थोमाचे."
आप्पांचा घास हातातच. "म्हंजी पोपसाहेबाला मानत न्हाई?"
"मान देतो. हुकूम घेत नाही."
मला हसू आवरेना. भाकरी आणते म्हणून आत गेले. टोपल्यात भाकरी नव्हतीच.

रवि. ४ फेब्रु.
कुरियन, इथून पुढं नुसता कु., मिस्सेला आला. पुढं नाही बसला, खांबापाशी उभा. सगळं आमच्यासारखंच करतो. मरियामातेला हात जोडतो, मयतांसाठी डोळे मिटतो. पोप महोदयांसाठीची विनंती आली आणि सगळ्यांनी "प्रभो, आमची प्रार्थना ऐक" म्हटलं, तेव्हा ह्याचे ओठ बंद. पुढच्या विनंतीला परत चालू. कम्युनियनलाही, वेदीवरचा पवित्र घास घ्यायलाही, आला नाही.

घरी आल्यावर आप्पा म्हणाले, "मिस्सेत डोळं वेदीकडं असावंत, सुशे."
एकोणतीस वर्षांची मी. चौथीचा वर्ग सांभाळते. तरी कान लाल झाले.

सोम. १२ फेब्रु.
सुकडीचा डबा घेऊन बोअरवर गेले तर कु. म्हणाला, तीन दिवस उपास आहे. योना संदेष्ट्याचं ऐकून निनवे शहर उपाशी राहिलं होतं, त्याची आठवण. दिवस मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. आणि खाली काळा पत्थर, दिवसाला दहा फूट.
"तुमच्यात नाही हा उपास?"
नाही. आमच्यात नाही.
आज दुपारी मी जेवले नाही. कुणाला सांगितलं नाही.

बुध. १४
तिसरा दिवस. आप्पांना पित्त झालंय सांगितलं. ओवा दिला त्यांनी. मावळतीला तिकडं त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला असेल तेव्हा इकडं मी लावला. मूर्खपणा आहे. उपासाने डोकं दुखलं पण दिवसभर एकटं वाटलं नाही.

रवि. ४ मार्च
उपासकाळ उद्यापासून त्यांचा, आमचा राखेच्या बुधवारपासून. आज आप्पा आणि कु. यांची जुंपली. ओट्यावर, दुपारभर.

आप्पा: प्रभूनं किल्ल्या पेत्राला दिल्या. पेत्राची गादी रोमला. झालं, मिटलं.
कु.: पेत्र पहिला, कबूल. थोरला भाऊ. पंगतीत थोरल्याला पहिला पाट, कबूल. पण धाकट्याच्या चुलीवर आमटीत मीठ किती, ते थोरल्याने का सांगायचं?
आप्पा: मंग धाकट्यानं खारट केली तर?
कु.: सगळे भाऊ एकत्र बसतील, सांगतील.
आप्पांनी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाले, "बसलं हुतं. सगळं बसलं हुतं."

आणि मग त्यांनी परक्या माणसाला ते सांगितलं, जे मला एकदाच सांगितलं होतं. आजी गेली तेव्हा आम्ही प्रॉटेस्टंट मंडळीत. मंडळीत दोन तट. मातीवर प्रार्थना कुणी करायची ह्यावर पंच बसले. आजी उन्हं कलेपर्यंत घरात पडून. पंचांत आप्पांचे थोरले भाऊ. "माझ्या आईला मुंग्या लागल्या, पण शेवटचा सबूद कुणाचाच न्हाई." महिन्याभरात आप्पा रोमन चर्चमध्ये गेले. थोरले काका म्हणाले होते, रोमला बाप बसलाय ना तुझा, मग इथं भाऊ कशाला. बावीस वर्षं झाली. काका नगरला, इथून एसटीने दोन तास.

कु. उठला. जाताना आप्पांच्या पाया पडला.

रवि. १८ मार्च
पाणी. एकशे ऐंशी फुटांवर. आधी पांढरा चिखल उडाला, मग पाणी, गाडीच्या टपावरून उंच. गावच्या विहिरीवर आम्हांला वरून ओंजळीत पाणी घ्यावं लागतं, आईपासून, आजीपासून. आता वस्तीचं आपलं. बाया रडत होत्या. मीही रडले, मास्तरीणबाईसारखं न रडता भडाभडा रडले.

फादर पारनेरला अडकलेले. आप्पा कु.ला म्हणाले, "तूच काढलंस, तूच प्रार्थना कर. तुज्या बोलीत कर, देवाला कळतंय." कु.ने डोक्यावरचा रुमाल काढला. मल्याळममध्ये बराच वेळ, गाण्यासारखं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. आप्पांचा आवाज सगळ्यांत मोठा.

सोम. १९
पंपाचा दांडा बसवत होता. विचारलं, काल काय म्हणालात?
पाण्याचे आभार. वस्तीसाठी. आजारी माणसांसाठी. आणि आमच्या कॅथोलिकोसांसाठी, तेच आमचे मुख्य गुरू, कोट्टयमला असतात. त्यांचं नाव घेतल्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही.
"आणि पोप महोदय?"
"त्यांच्यासाठी मनात. भाऊ म्हणून."
मी वस्तीकडं पाहून घेतलं. म्हटलं, आप्पांना सांगू नका.
"आपण होऊन नाही सांगणार. विचारलं तर सांगेन."

रवि. २२ एप्रिल, ईस्टर
गाडी आता पलीकडच्या गावांत. कु. दर रविवारी सायकलने येतो, अकरा मैल. पाच रविवार झाले. आज दोघांचा ईस्टर एकाच दिवशी, म्हणून इतका खुश. त्याच्या आईने पार्सलने केळ्याचे वेफर पाठवलेत, चुरा झालेले. चमच्याने खाल्ले.

हे एकदा लिहून ठेवते म्हणजे मनात घोळवायला नको: मला हा माणूस हवा आहे. सकाळी चहा टाकताना हवा आहे. खांबापाशी उभा असताना तर फार.

रवि. ६ मे
विचारलं त्याने. मला नाही, आप्पांना. मला गुरुवारीच विचारलं होतं, शाळेच्या कुंपणापाशी, आणि मी इतक्या लवकर हो म्हटलं की त्यालाच पुढचं वाक्य सुचेना.

आप्पा आधी खुलले होते. "पोरगा चांगला हाय. येकच नाव घ्यायचं राह्यलंय. घेशील. पाणी काढलंस तसं हेबी निघंल."
कु. म्हणाला, "नाही घेता येणार, आप्पा. खोटं घेतलं तर सुशीलेच्याच कामाचा राहणार नाही मी."
"आरं, त्या दिशी बोअरवर प्रार्थना केलीस, त्यात पोपसाहेब हुतं की न्हवतं?"
मी दारात. मान हलवत होते, नको, नको. त्याने माझ्याकडं पाहिलं. तरी सांगितलं.

आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू म्हणाले, "समद्या वस्तीनं आमेन म्हणलं. मी म्हणायला लावलं." मग माझ्याकडं वळले. "तुला ठावं हुतं?"
हो म्हटलं.
ताट तसंच ठेवून उठले. कु. सायकल हातात धरून चालत गेला, बसला नाही. लांबपर्यंत दिसत होता.

गुरु. १० मे
फादरांकडे गेले. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड मुलखातून आले, आता आमच्यापेक्षा गावठी बोलतात. म्हणाले, "रोमनं आता लई ढिलं केलंय, पोरी. बिशपसाहेबाकडं अर्ज करू. वचन तू द्यायचं, पोरांचा बाप्तिस्मा आपल्यात करीन म्हणून. त्याला फकस्त ठावं पायजे. पोपसाहेबाचं नाव घ्यायची त्याला सक्ती न्हाई."
"आणि आप्पा?"
टक्कल खाजवलं. "रोमची परवानगी मी आणतो. तुज्या आप्पाची कुठून आणू?"

रवि. २० मे
कु. बाहेरच भेटला, पंपापाशी. आत येत नाही. आईचं पत्र आलंय त्याला. लग्न त्यांच्याच चर्चमध्ये. आधी मला त्यांच्या पवित्र तेलाचा अभिषेक, म्हणजे मी त्यांची. आमच्या फादरांनी लग्न लावलं तर त्यांच्या वेदीवर त्याला कम्युनियन मिळणार नाही. त्यांच्याकडं लावलं तर आप्पांच्या शेजारी बसून मला मिळणार नाही. दोघांपैकी एकाने उपाशी राहायचं, असा हिशेब. आमचं घराणं कुठलं, गावकुसाच्या कुठल्या बाजूचं, ते अजून आईने विचारलेलं नाही. विचारील तेव्हा तिसराच पंथ निघेल.

मी म्हटलं, मी होते तुमची. पटकन म्हटलं.
तो म्हणाला, "नको असं. आप्पांनी एक भाऊ घालवला ह्याच्यापायी. मुलगी घालवायला मी कारण होणार नाही."
मग नुसता पंपाचा दांडा हलवत बसला. बादली कधीच भरली होती.

मंगळ. १२ जून
गाडी बीडकडं गेली. तीन महिन्यांचं काम. निघताना सांगायला आला नाही, हेल्परकडून चिठ्ठी. पत्ता आहे, आणि खाली एक ओळ: तू सांगशील तसं. पण सांग.

आप्पा संध्याकाळची जपमाळ पूर्वीसारखी सांगतात. शेवटी पोप महोदयांसाठी एक 'आमच्या बापा' प्रार्थना. मी म्हणते. तोंड म्हणतं. त्या माणसाचं काय चुकलं बिचाऱ्याचं, तिकडं दूर रोमला. त्याला ठाऊकही नसेल की त्याच्यापायी एक बाई पारनेर तालुक्यात जेवत नाही धड.

रवि. २४ जून
पाच पोस्टकार्डं आणली. तीन फाडली. आप्पा सरळ बोलत नाहीत. "मास्तरीणबाईला विचार, चहा हाय का," असं मांजराला सांगतात. मीही मांजरालाच उत्तर देते.

त्यांचा राग आला की आजी आठवते, घरात पडलेली. मग रागावता येत नाही. तेवढी सोयसुद्धा ठेवली नाही त्यांनी.

शुक्र. २९ जून
पेत्र-पौलाचा सण. त्यांचा आणि आमचा एकच. आप्पा वर्षभर ह्या मिस्सेची वाट बघतात, वेदीजवळचं वाचन त्यांचं असतं. आज उठले तर अंथरूण घडी घालून ठेवलेलं. कोट नाही, काठी नाही. वाचन मी केलं. पेत्राचंच होतं. आवाज नीट लागला नाही.

मिस्सेनंतर हॉटेलवाल्याने सांगितलं, आप्पा सकाळच्या गाडीने गेले. तिकीट नगरचं काढलं.
फादर म्हणाले, "बावीस वर्सांत एकदा चुकवली. चुकवू दे."

शनि. ३०
दुपारच्या गाडीने आले. थकलेले, कोटावर धूळ. तांब्याभर पाणी पिऊन मांजराला न विचारता सरळ माझ्याशी बोलले.

"थोरला लई म्हातारा झालाय. ऐकू येत न्हाई. पंगतीला सून पाट मांडत हुती. म्हणलं, थांब, मी मांडतो. त्येचा पयला मांडला. बसला त्यो."
"मग?"
"मला म्हणला, पोपाला सोडलास का? मी वरडून सांगितलं, न्हाई. म्हणला, बरं. जेव."
"मग?"
"मंग जेवलो. आमटीत मीठ न्हवतं. त्यो काय बोलला न्हाई, मीबी न्हाई."
हे सांगताना तोंड फिरवलं. मी पाठीवरून हात फिरवला, त्यांनी फिरवू दिला.

रवि. १ जुलै
माळ झाल्यावर आप्पा उठले नाहीत. म्हणाले, "त्या पोराला काय लिवलंस?"
अजून काही नाही.
"लिव, आप्पा थोरल्याकडं जाऊन आलं. पाट मांडला म्हणून लिव."
"आणि?"
"आन् काय. तेवढं लिव."

तेवढं लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. दोन ओळी. कंदील जवळ घेऊन कार्ड तसंच पुढ्यात घेऊन बसले आहे. टपाल उद्या सकाळी निघतं. मला काय हवं ते मला माहीत आहे, एप्रिलपासून माहीत आहे. कुणाकुणाला उपाशी ठेवून, ते अजून नाही.

आत्ता आप्पा पाण्याला म्हणून उठले, माझ्या खांद्यावरून वाकून कार्डाकडं बघितलं. चष्मा नव्हता, वाचता आलं नसणार.
म्हणाले, "जागा हाय की अजून."