काडतुसांचा डबा

सेव्हर्न नदीचं मुख,
११ जुलै १९७४

ती. मोझेसदादास,
ओटिलीचा सा. न. वि. वि.

यंदा समुद्रावरचा बर्फ तीन आठवडे आधीच फुटला आणि पांढरी अस्वलं उपाशीपोटी किनाऱ्यावर आली. त्यातलं एक काल थेट आपल्या मासे सुकवायच्या मांडवाशी! आईने बाहेर उभं राहून त्याला आजोबा म्हणून हाक मारली आणि सांगितलं, इथे एक म्हातारी आणि एक पोरगी आहे, तुम्ही आपली वाट धरा. आजोबांनी चार मासे खाल्ले, मग वाट धरली. हसू नकोस. या दलदलीत चढायला धड झाडही नाही.

होरेसमामा होडी घेऊन न्यायला आलाय. पण आई म्हणते, हिवाळ्याचे मासे अजून अर्धे ओले आहेत, टाकून कसं जायचं? मामाला तिने सांगितलं, काडतुसांचा डबा भरलेला आहे, पुढच्या खेपेला ये. मामा हे पत्र घेऊन निघतोय.

लोभ आहेच, थोडी काळजीही असू दे.
तुझी ओटिली

रेल्वे वसाहत,
१७ जुलै

ती. आईस,
मोझेसचा शि. सा. न.

मुद्दाम आपल्या क्री लोकांच्या लिपीत लिहितोय, ओटिलीला ती वाचता येत नाही.

आई, डब्यात एकही काडतूस नाही. गेल्या शरदात मित्रांपुढे ऐट मिरवायला मी सगळी डबड्यांवर उडवली आणि तू ओरडशील म्हणून आत खडे भरून ठेवले. ओटिलीचं पत्र वाचलं आणि लगेच हे लिहायला बसलो. मासे गेले खड्ड्यात. मामा दिसला की होडीत बस. मग मला हवं तेवढं मार.

आशीर्वाद मागायला तोंड नाही, तरी मागतो.
तुझा मोझेस

गाव,
२६ जुलै

चि. मोझेस यास आशीर्वाद.

मामाने तुझं पत्र तिथेच हातात दिलं. त्याच होडीने आम्ही सुखरूप गावात आलो.

डबा मी मामा गेला त्याच दिवशी उघडला होता. अस्वल मांडव पाडत होतं. आत नुसते खडे निघाले. पण ओटिली माझ्याकडे बघत होती. मी बंदूक उघडली, मिटली, भरली म्हणून सांगितलं आणि मांडीवर घेऊन तंबूच्या दाराशी बसले. पोरगी निवांत झोपली. असे तेरा दिवस. एकदा तर ते अस्वल तंबूच्या कापडाला नाक लावून हुंगत होतं आणि मी आतून रिकामी बंदूक रोखून बसले होते.

आता ओटिली गावभर सांगत सुटलीय, आजोबा आमच्या बंदुकीला भ्याले. सांगू दे. तू तोंड उघडलंस तर याद राख.

मारणार नाही रे तुला. पण गावात येऊनही माझा डोळा लागत नाही. एकदा घरी ये आणि दाराशी बस, म्हणजे मी झोपेन.

वाट बघणारी,
तुझी आई