सावनेर रस्त्यावरची भेग

१० मार्च १९३१
सावनेर रस्त्यावरच्या बंगल्यात आज बिऱ्हाड लागलं. नागपूर स्टेशनवरून माझी बायको प्रेमिला आणि मी पहाटेच बैलगाडीने निघालो. वाटेत तिने संत्र्यांची टोपली घेतली आणि इथे पोचेपर्यंत निम्मी संपवली. साताऱ्याहून आलेल्या माणसाला ही जमीन पाहून भूल पडते. काळीभोर, सपाट, नजर जाईल तिथवर. स्वयंपाक आणि राखण दोन्ही बघणारा कवडू सांगत होता, इथला कापूस माणसाच्या छातीला लागतो. मी म्हटलं, कापसाला चांगली तीच माती रस्त्याला वाईट. पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि वर घातलेला दगड गिळून बसते. नाल्याजवळचा रस्ता दरवर्षी खचतो. तो कायमचा पक्का करायला ओव्हरसिअर म्हणून मला धाडलं आहे. प्रेमिला हसून म्हणाली, मातीशी भांडायला आलात तर!

१७ मार्च
काम सुरू. काळी माती कमरेइतकी खोल काढायची, तळाशी वाळू, वर मुरूम, मग मोठे दगड, शेवटी खडी घालून रूळ फिरवायचा. दोन्ही बाजूंना चर, म्हणजे रस्त्याच्या पोटात पाणी शिरणार नाही. मुकादम चंपतराव सगळ्याला मान डोलावतो. फक्त नाल्याजवळ खोदू नका, वरूनच भरा, असं म्हणाला. कारण विचारलं तर बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून निघून गेला.

२९ मार्च
ऊन तापलं आहे. शेतांत भेगा पडल्यात, हात आत जाईल एवढ्या. नाल्याजवळची मात्र माणूस जाईल एवढी रुंद. आख्खा बांबू सोडला, तळ लागला नाही.
मजुरांतली मनकर्णा नावाची बाई जेवणाच्या सुट्टीत त्या भेगेपाशी बसते. आज तिला भाकरीचा तुकडा आत टाकताना पाहिलं. विचारलं, तर अगदी साधेपणाने बोलली.
"माहा धनी खाली हाये, साहेब. त्याले भूक लागते."

३० मार्च
कवडूकडून सगळं कळलं. गेल्या उन्हाळ्यात मनकर्णाचा नवरा रामाजी हातातून निसटलेली पहार काढायला भेगेत उतरला होता. चंपतरावाला काम लवकर उरकायचं होतं. भेग मिटावी म्हणून त्याने नाल्याचा बांध फोडला. माती फुगली आणि भेग मिटली. रामाजी आतच राहिला. आधीच्या साहेबांनी खोदू दिलं नाही, वरून खडी टाकली.
प्रेमिला जेवली नाही. म्हणाली, त्या माणसाला बाहेर काढा. मी शब्द दिला.

६ एप्रिल
शब्द दिला होता, तरी कामाचा बोभाटा नको म्हणून आधी भेग दगडांनी भरून पाहिली. संध्याकाळी भरतो, सकाळी दगड नाहीसे. खाली पोकळी असणार. चंपतरावाने विचारलं, "साहेब, तुम्ही काहून तिथं जाऊन राहिले?" त्याचा आवाज चिरका झाला होता.
दुपारी जमिनीला कान लावला. खाली ठोके पडत होते. लोखंडावर दगड आपटावा तसे. सावकाश. थकलेले.

९ एप्रिल
खोदायला घेतलं. मनकर्णा स्वतः घमेली उचलत होती. छातीइतकं खोल गेल्यावर बाजू ढासळली, एका मजुराचा पाय अडकला. चौघांनी ओढून काढला. पोटरीवर काळे वळ होते, पाच. माणसं कुदळी टाकून पळाली. मनकर्णा एकटीच हातांनी माती उकरत राहिली.

११ एप्रिल
मोठे साहेब रस्ता पाहायला येणार. मजूर खोदायला तयार नाहीत. चंपतराव म्हणतो, पाणी सोडा, भेग मिटेल, वर खडी घालू, साहेब गेल्यावर पाहता येईल.
मी हो म्हणालो.

१२ एप्रिल
पाणी सोडलं. मनकर्णाला दोन बायकांनी धरून ठेवलं होतं. ती ओरडली नाही. ठोके भराभर पडू लागले. भेगेचे ओठ जवळ येत होते. मिटायच्या आधी खालून आवाज आला.
"पानी नोको सोडू, गा..."
चंपतराव म्हणाला, वारा आहे.
मी ऐकलं. प्रेमिलाला सांगितलं नाही.

२० एप्रिल
मोठे साहेब येऊन गेले. नाल्याजवळ मोटार थांबवून खडीवर बुटाची टाच आपटली, शाबासकी दिली. त्यांच्या टाचेला खालून उत्तर आलं. त्यांनी ऐकलं नसावं.

२ मे
चंपतराव सकाळपासून बेपत्ता. नाल्याजवळ नव्या खडीत त्याचा फेटा सापडला. अर्धा वर, अर्धा आत. कवडूने ओढला. येईना. मग तो आतून ओढला गेला. आमच्या डोळ्यांदेखत सगळा फेटा आत—
कवडू म्हणतो, तिथं जाऊ नोका आता.

३ मे
प्रेमिलाला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, तुम्ही नाही म्हणाला असता तर? तिला नागपूरला पाठवलं. गाडी वळेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

८ मे
मनकर्णाच्या झोपडीवर गेलो. पाया पडायला वाकलो, तर ती मागे सरली.
"मले काहून सांगता, साहेब? त्याले सांगा."

९ मे
गेलो. भर दुपारी, रस्त्यावर गुडघे टेकून, मोठ्याने सांगितलं— मीच हो म्हणालो.
ठोके थांबले.
वाटलं, सुटलो.

१३ मे
खडीतून नवी भेग. रस्ता सोडून बंगल्याकडे निघाली आहे. उन्हाने माती आकसते. दुसरं काही नाही.

१५ मे
फाटकातून आत आली. वाकडी जात नाही. मातीची भेग सरळ कशी—
बदलीचा अर्ज केला. उद्या गाडी मिळेल.

१६ मे
व्हरांड्यात गाडीची वाट पाहत बसलो आहे. भेग पायरीशी आली. ठोका फरशीखाली. लिहीत राहिलो तर तिकडे नजर जात नाही—
खुर्ची कलली. मागचा पाय आत गेला.
कवडू फाटकाशी ओरडतो आहे, "साहेब, उठा! पाय उचला!" पुढे यायला धजत नाही.
उठतो. डावा निघाला. उजवा— घोट्याशी— बोटं आहेत—
कवडू पळाला.
खालून रामाजी रडतो आहे. वर काढा म्हणतो, साहेब, वर काढा. अरे, सोड, मी काढतो, मी आत्ता माणसं बोलावून—